मुलीला ग्राफिक डिझाइन शिकायचंय: कोल्हापूर, पुणे की सहा महिन्यांचा कोर्स?

तुमच्या प्रश्नाचा सारांश आधी मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ कळेल. तुम्ही कराडचे, हार्डवेअरचं दुकान चालवता. मुलगी बारावी कॉमर्सला आहे, दहावीपर्यंत मराठी माध्यम, चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला ए ग्रेड. तिला ग्राफिक डिझायनर व्हायचंय. समोर तीन वाटा आहेत: कोल्हापुरात उपयोजित कलेची (म्हणजे जाहिरात, छपाई यांसाठीच्या कलेची) चार वर्षांची बी.एफ.ए., म्हणजे बॅचलर ऑफ फाइन आर्ट्स, पुण्यातल्या एका खासगी विद्यापीठाची बी.डेस., म्हणजे बॅचलर ऑफ डिझाइन (फी वर्षाला चार लाख, तीही कर्ज काढून), किंवा कराडमध्येच सहा महिन्यांचा सॉफ्टवेअरचा कोर्स, कारण 'सगळं कॉम्प्युटरवरच तर असतं' असं तुमच्या मेव्हण्यांचं म्हणणं. शाळेतले चित्रकलेचे सर मात्र 'जे.जे.शिवाय (म्हणजे मुंबईच्या सर ज. जी. कला विद्यालयाशिवाय) काही खरं नाही' म्हणतात. शिवाय एआय आल्यावर या शिक्षणाला अर्थ उरलाय का, हेही तुम्ही विचारलंय.

मी या धंद्यात बरीच वर्षं आहे. पुण्यात छोटा स्टुडिओ चालवतो, दरवर्षी एक-दोन नवी मुलं घेतो आणि अधूनमधून महाविद्यालयांत ज्युरीला, म्हणजे विद्यार्थ्यांचं काम तपासायला जातो. पुढचं सगळं त्या खुर्चीवरून दिसलेलं आहे.

आधी पैशांचं बोलू. वर्षाला चार लाख म्हणजे चार वर्षांचे सोळा लाख. राहणं, जेवण, साहित्य वेगळं. सोळा लाखांचं कर्ज दहा टक्के व्याजाने दहा वर्षांत फेडायचं तर महिन्याचा हप्ता एकवीस हजारांच्या वर जातो. शिक्षण चालू असतानाचं व्याज साठलं तर आणखी जास्त. पुण्यातल्या छोट्या स्टुडिओत नव्या डिझायनरचा पहिला पगार वीस हजारांच्या आसपास असतो. मोठ्या कंपनीत किंवा ॲप बनवणाऱ्यांकडे लागली तर जास्त मिळेल, पण त्या जागा मोजक्या. म्हणजे मुलीचा पहिल्या दोन-तीन वर्षांचा अख्खा पगार बँकेत जाणार आणि तिच्या खोलीचं भाडं तुम्ही देणार. साडेसात लाखांच्या वरच्या कर्जाला बँका सहसा तारणही मागतात. तारण म्हणजे तुमचं घर किंवा दुकान. ही फी ज्यांना खिशातून परवडते त्यांच्यासाठी खासगी बी.डेस. हा चांगला पर्याय असू शकतो. दुकान गहाण ठेवून तो घेऊ नका.

कर्जाचा हप्ता डोक्यावर असलेली मुलगी नोकरीही वेगळी निवडते. चांगला आर्ट डायरेक्टर शिकवणार असेल अशी कमी पगाराची जागा ती सोडते आणि दिवसाला वीस सोशल मीडिया पोस्ट पाडायला लावणारी जागा धरते, कारण तिथे चार हजार जास्त मिळतात. पहिली दोन वर्षं कोणाच्या हाताखाली गेली, यावर या धंद्यातलं पुढचं बरंच ठरतं. म्हणून फीचा आकडा हा अभ्यासक्रमाच्या दर्जाइतकाच महत्त्वाचा धरा.

आता बी.एफ.ए. आणि बी.डेस. यांतला फरक. दोन्ही चार वर्षांच्या पदव्या आणि दोन्हींतून मुलं ग्राफिक डिझायनर होतात. पण घराणी वेगळी आहेत. मुंबईचं सर ज. जी. कला विद्यालय १८५७चं. तिथे १९३५मध्ये कमर्शिअल आर्टचा विभाग सुरू झाला आणि त्यातूनच पुढे १९६१मध्ये उपयोजित कलेची स्वतंत्र संस्था झाली. जाहिरात, पोस्टर, पुस्तकाचं मुखपृष्ठ, वेष्टन, कॅलेंडर हे त्या काळचं काम होतं आणि महाराष्ट्रातल्या बहुतेक कला महाविद्यालयांनी तोच साचा घेतला. त्यामुळे बी.एफ.ए.मध्ये आजही ड्रॉइंग, अक्षरलेखन, इलस्ट्रेशन, फोटोग्राफी यांवर भर असतो आणि शेवटच्या वर्षी एखाद्या विषयावर पूर्ण कॅम्पेन करावं लागतं: पोस्टर, प्रेस ॲड, होर्डिंग, सगळं एका सूत्रात. अहमदाबादची एनआयडी (राष्ट्रीय डिझाइन संस्था) हीही १९६१चीच, पण ती चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझायनर दांपत्याने १९५८मध्ये भारत सरकारला दिलेल्या अहवालातून उभी राहिली. तिथला प्रश्न जाहिरात कशी करायची हा नव्हता. वस्तू कशासाठी आहे, कोण वापरणार, ती अशीच का असावी, इथून तिथे सुरुवात झाली. बी.डेस.चा साचा तिथून आलाय. वापरणाऱ्यांशी बोलणं, निरीक्षणं मांडणं, चार पर्याय करून तीन टाकून देणं आणि शेवटी एखाद्या संस्थेत किंवा कंपनीत जाऊन पदवी प्रकल्प करणं.

माझ्या स्टुडिओत दोन्हीकडची मुलं येतात. ढोबळ बोलायचं तर बी.एफ.ए.च्या मुलाचा हात तयार असतो, पण 'हे असं का केलंस' विचारलं की 'सर, चांगलं दिसत होतं' असं उत्तर येतं. बी.डेस.चा मुलगा त्याच प्रश्नावर वीस स्लाइड दाखवतो आणि एकविसाव्या स्लाइडवरचं पोस्टर कच्चं असतं. अपवाद दोन्हीकडे भरपूर. दोन्हीकडे हव्या असलेल्या गोष्टी नोकरीत पहिल्या वर्षी शिकवता येतात. त्यातल्या त्यात 'का' शिकवणं सोपं जातं आणि हात तयार करणं अवघड. तेवढ्यापुरता माझा कल बी.एफ.ए.कडे आहे आणि तो मी लपवत नाही. मुलीला पुढे मोबाइल ॲप, वेबसाइट यांच्या स्क्रीनच करायच्या असतील तर मात्र बी.डेस.ची सवय जास्त उपयोगी पडते.

तुमच्या सरांचं जे.जे.बद्दलचं म्हणणं अर्ध खरं. तिथे प्रवेश मिळाला तर डोळे मिटून पाठवा. मुंबई, तिथला जुना माहोल आणि जाहिरात क्षेत्रात सगळीकडे पसरलेले माजी विद्यार्थी, हे दुसरीकडे पैसे देऊनही मिळत नाही. पण 'जे.जे.शिवाय काही खरं नाही' हे काही खरं नाही. पुण्याचं अभिनव कला महाविद्यालय, मुंबईतली रहेजा आणि रचना संसद, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय महाविद्यालयं, कोल्हापूरची कलानिकेतन आणि दळवीज, सांगलीचं कलाविश्व, गोव्यात पणजीच्या आल्तिनोवरचं गोवा कला महाविद्यालय, या सगळीकडून बाहेर पडलेली मुलं चांगली कामं करताना दिसतात. वाईट कामं करणारीही या सगळीकडूनच बाहेर पडतात. कोल्हापूरला तर कमीपणा मानायचं काहीच कारण नाही. बाबूराव पेंटर आपल्या मूकपटांची पोस्टरं स्वतः रंगवायचे, त्या गावात व्यावसायिक चित्रकलेची मुळं अनेक मोठ्या शहरांपेक्षा खोल आहेत.

तर मग महाविद्यालय पारखायचं कसं? माहितीपत्रक आणि वेबसाइट बाजूला ठेवा. तिथे दिसतात ती बक्षीस मिळालेली तीन कामं आणि काचेची इमारत. प्रत्येक कला महाविद्यालयाचं वार्षिक प्रदर्शन असतं, बहुतेक वेळा फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास. ते बघायला मुलीला घेऊन जा. बारावीची परीक्षा आड येत असेल तर तुम्ही एकटे जा आणि मोबाइलवर फोटो काढून आणा. आत गेल्यावर बक्षिसाची चिठ्ठी लावलेली कामं पटकन बघून पुढे व्हा. हुशार मूल कुठेही हुशारच काम करतं, त्यात महाविद्यालयाचा वाटा किती हे कळत नाही. तुम्ही बघायची ती मधली कामं: भिंतीच्या कोपऱ्यात, जिन्याखालच्या पॅनेलवर लावलेली. जे मूल ना पहिलं ना शेवटचं, त्याचं तिसऱ्या वर्षाचं काम नीटनेटकं असेल, तर तिथे कोणीतरी रोज वर्गात बसून मुलांचं काम दुरुस्त करतंय असं समजा.

तुम्ही स्वतः डिझाइनर नाही, तर नीटनेटकं म्हणजे काय हे कसं कळणार? काही खुणा कोणालाही दिसतात. एकाच वर्गातल्या दहा जणांची पोस्टरं एकाच ठशातली असतील (मधोमध एक मोठं चित्र, खाली तिरकी पट्टी, उजव्या कोपऱ्यात लोगो), तर सरांनी एक उदाहरण दाखवलं आणि सगळ्यांनी तेच गिरवलं. विषय बघा. सगळी कॅम्पेन महागड्या परदेशी गाड्या, घड्याळं आणि कॉफीची असतील तर मुलं इंटरनेटवर बघून काम करताहेत. कोणी एसटीच्या वेळापत्रकाची नवी मांडणी केलीय, कोणी गुऱ्हाळाच्या गुळाचं वेष्टन केलंय, कोणी दवाखान्यातल्या पाट्या केल्यात, असं दिसलं तर चांगलं लक्षण. त्या मुलाला बाहेर जाऊन बघायला लावलंय. मग एखाद्या विद्यार्थ्याला विचारा, 'याची कच्ची स्केचेस आहेत का?' ज्याच्याकडे वही आहे तो आनंदाने दाखवेल. त्या वहीत सरांच्या पेन्सिलच्या खुणा, खाडाखोड, बाजूला काढून दाखवलेली दुरुस्ती दिसली की समजा तुमची फी तिथे वसूल होतेय.

आणि मराठी मजकूर बघाच. हा माझा आवडता मुद्दा आहे, जरा लांबेल.

महाराष्ट्रातल्या कला महाविद्यालयाच्या प्रदर्शनात इंग्रजी अक्षरांची कामं उत्तम आणि देवनागरीची कामं दरिद्री, हे चित्र मी फार वेळा बघतो. देवनागरीला तिच्या स्वतःच्या अडचणी आहेत. वर वेलांट्या, मात्रा, रफार, अनुस्वार. खाली उकार आणि जोडाक्षरांची शेपटं. त्यामुळे दोन ओळींतलं अंतर इंग्रजीच्या हिशोबाने ठेवलं तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. इंग्रजीत अक्षरं सुटी करून ताणली तर रुबाबदार दिसतात; देवनागरीत तसंच केलं की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे पडतात. प्रदर्शनातल्या पोस्टरवर अशी तुटकी शिरोरेषा मिरवत असेल आणि ती कोणी खोडली नसेल, तर त्या महाविद्यालयात टायपोग्राफी (अक्षरांची मांडणी) शिकवणारं माणूस नाही, किंवा आहे पण बघत नाही. हे ओळखायला कलेची पदवी लागत नाही. दुकानाची पाटी वाचणाऱ्या कोणालाही ते खटकतं.

हा मुद्दा पोटापाण्याचाही आहे. ज्या मुलीला देवनागरी नीट बसवता येते तिला काम कमी पडत नाही: वृत्तपत्रं, प्रकाशनं, दुग्धसंघ, बँका, सरकारी मोहिमा, निवडणुका, मराठी नाटक-सिनेमा, आता मराठी ॲप. या लिपीवर काम केलेली मोठी माणसं आपल्याच भागातली आणि आपल्याच संस्थांतली आहेत. र. कृ. जोशी जे.जे.त आणि पुढे आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात शिकवायचे. विंडोजमधला मंगल फाँट त्यांचा. नाटकांची नावं रंगवणारे कमल शेडगे, सुलेखनातले अच्युत पालव ही नावं मुलीला माहीत असतीलच. मुंबईच्या 'एक टाइप' या फाँट बनवणाऱ्या मंडळींचे मुक्ता आणि बालू हे फाँट तर गूगलवर फुकट मिळतात, तिला आजच उतरवून घ्यायला सांगा. महाविद्यालयात गेल्यावर विचारा: अक्षरलेखन पहिल्या वर्षानंतरही चालू राहतं का? मुलं हातात बोरू धरतात का? युनिकोडमध्ये (कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठी सारखंच दिसेल अशा पद्धतीत) काम होतं की अजून जुन्या फाँटवरच? या तीन उत्तरांतून मला तरी त्या जागेची निम्मी कल्पना येते.

शिक्षकांबद्दल सरळ विचारा. पूर्णवेळ किती, तासिका तत्त्वावर किती. सरकारी आणि अनुदानित महाविद्यालयांत रिक्त जागांचं दुखणं जुनं आहे, आणि खासगीत शिक्षक दर दोन वर्षांनी बदलतात. तासिका तत्त्वावरचा शिक्षक म्हणजे वाईट असं अजिबात नाही. बाहेर काम करून आठवड्यातून दोन दिवस शिकवायला येणारा माणूस कित्येकदा सगळ्यात उपयोगी ठरतो. पण अख्खा विभाग त्यांच्यावरच चालत असेल तर मुलांच्या कामाचा धागा धरून ठेवणारं कोणी राहत नाही. दुसरा प्रश्न: वर्गात मुलं किती? तिसरा: छपाई प्रत्यक्ष दाखवायला नेतात का? ऑफसेटची प्लेट, कागदाचं वजन, पडद्यावरचा निळा छापल्यावर जांभळट का येतो, कडेला ब्लीड (कापताना जाणारी जादा छपाई) का सोडायचं, हे छापखान्यात उभं राहून एका दुपारी कळतं. वर्गात सांगून वर्षभर कळत नाही.

खासगी संस्थांकडे जाल तेव्हा 'शंभर टक्के प्लेसमेंट' हे शब्द ऐकू येतील. त्यावर वाद घालू नका. तीन वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या दहा मुलांची नावं मागा. इन्स्टाग्राम, बिहान्स (डिझायनर आपली कामं मांडतात ती वेबसाइट), लिंक्डइनवर ती आज काय करताहेत ते मुलगी एका संध्याकाळी शोधून काढेल. नावं द्यायला टाळाटाळ झाली तर तेही उत्तरच आहे.

पदवी देणार कोण, हे तर कागदावर तपासा. एखाद्या व्यापारी संकुलाच्या तिसऱ्या मजल्यावर 'डिझाइन इन्स्टिट्यूट' असते आणि पदवी मात्र दुसऱ्याच राज्यातल्या कुठल्या खासगी विद्यापीठाची असते. राज्यांच्या कायद्याने झालेल्या खासगी विद्यापीठांना आपल्याखाली बाहेरची महाविद्यालयं संलग्न करून घेता येत नाहीत, असा विद्यापीठ अनुदान आयोगाचा नियम आहे. तेव्हा 'टाय-अप' हा शब्द ऐकला की प्रमाणपत्रावर नेमकं कोणाचं नाव छापून येणार ते लेखी मागा आणि त्या विद्यापीठाचं नाव आयोगाच्या संकेतस्थळावर पडताळा. तुम्ही लिहिलेलं पुण्याचं विद्यापीठ या प्रकारातलं वाटत नाही, पण वाचणाऱ्या इतर पालकांसाठी सांगून ठेवतो.

आता मेव्हण्यांचा सहा महिन्यांचा कोर्स. कोरलड्रॉ, फोटोशॉप, इलस्ट्रेटर शिकून फ्लेक्सच्या दुकानात किंवा छापखान्यात ऑपरेटर म्हणून काम मिळतं, त्यात कमीपणा काही नाही आणि कराडसारख्या गावात चालू धंदा आहे. पण तिथे गिऱ्हाईक शेजारी बसून 'अजून मोठं करा, लाल करा' म्हणतं आणि ऑपरेटर तसं करतो. मोठं कशाला, लाल का नको, हे सांगायचा अधिकार आणि ते पटवायचं बळ ही चार वर्षांची कमाई असते. मुलीने बारावीनंतरच्या सुट्टीत तो कोर्स जरूर करावा, पदवीच्या जागी नको. खरं तर कोर्सपेक्षा एखाद्या ओळखीच्या छापखान्यात महिनाभर बसली तर जास्त शिकेल.

पदवी हवीच का? मी मुलाखतीत प्रमाणपत्र मागत नाही. फाइल उघडायला सांगतो, तीन कामं निवडायला लावतो आणि एका कामाबद्दल विचारतो की सरांनी काय बदलायला सांगितलं होतं आणि तू काय बदललंस. माझ्यासारखे छोटे स्टुडिओवाले बहुतेक असेच घेतात. पण मोठ्या कंपन्यांचे एचआर विभाग, सरकारी जागा, परदेशातलं शिक्षण आणि इथली एम.डेस., या सगळ्या दारांवर पदवी लागते. बारावीतल्या मुलीसाठी ती दारं आत्ताच बंद करायचं कारण नाही.

एआयचं थोडक्यात. दिवाळीच्या शुभेच्छांचं चित्र, कॅफेच्या भिंतीवरचं पोस्टर, फुटकळ इलस्ट्रेशन हे काम यंत्राकडे जायला लागलंय आणि ते परत येणार नाही. नवशिक्या मुलांना पूर्वी अशा कामांतून सराव मिळायचा, तो कमी झालाय. ही चिंता खरी आहे. पण यंत्राने दिलेल्या चाळीस चित्रांतलं कोणतं चालेल आणि का, ते कुठे छापणार, त्यावर मराठी मजकूर कसा बसणार, हे ठरवायला तयार डोळा लागतो. देवनागरी जोडाक्षरांत तर ही यंत्रं अजून वारंवार चुकतात. म्हणून निव्वळ सॉफ्टवेअर शिकवणाऱ्या कोर्सची किंमत सगळ्यात आधी घसरली. महाविद्यालयात विचारा की एआयबद्दल धोरण काय. 'बंदी आहे' आणि 'सगळं त्यावरच करतो' ही दोन्ही उत्तरं मला आवडत नाहीत. पहिल्या दोन वर्षांत हाताने आणि नंतर काय वापरलं ते सांगून, असं जिथे म्हणतात तिथे कोणीतरी विचार केलाय.

प्रवेश परीक्षांचं वेळापत्रक मात्र आजच भिंतीवर लावा, कारण इथे हुशार मुलांची वर्षं नुसत्या तारखा चुकल्याने जातात. आयआयटीच्या बी.डेस.साठी यूसीड ही परीक्षा जानेवारीत असते आणि अर्ज आदल्या ऑक्टोबरच्या सुमारास भरावे लागतात. ती सलग दोन वर्षंच देता येते. शाखेची अट नाही, कॉमर्स चालतं. आयआयटी मुंबईची आयडीसी १९६९ची असली तरी तिथे बी.डेस. २०१५पासून आहे, आणि ती केवळ ग्राफिक डिझाइनची नाही हे लक्षात ठेवा. एनआयडीची डॅट ही परीक्षा वेगळी, तिचे अर्जही बारावीच्या मधोमधच येतात. ती दोन टप्प्यांत होते, दुसरा टप्पा स्टुडिओ चाचणीचा. अहमदाबादला ग्राफिक डिझाइन या नावानेच शाखा आहे, जागा मोजक्या. या दोन्हींत चित्रापेक्षा निरीक्षण, आकार डोक्यात फिरवणं, एखादी अडचण सोडवणं यांची पारख असते. इंग्रजी वाचनाचा वेग लागतो, त्यामुळे मराठी माध्यमाच्या मुलीने जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवायला लवकर सुरुवात करावी.

राज्यातल्या बी.एफ.ए.साठी सीईटी कक्षाची उपयोजित कलेची परीक्षा वेगळी होते. तीत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि सामान्यज्ञान असतं. इंटरमिजिएटला ए ग्रेड मिळवलेल्या मुलीला पहिले तीन विषय ओळखीचेच आहेत. रोज एक स्मरणचित्र काढलं तरी हात चालू राहील. तिथे सामान्यज्ञानाकडे मुलं दुर्लक्ष करतात आणि तिथेच गुण गमावतात. जे.जे. २०२३मध्ये अभिमत विद्यापीठ झालंय, म्हणून त्यांचं त्या वर्षीचं माहितीपत्रक स्वतंत्रपणे वाचा, राज्याच्या प्रक्रियेवर विसंबू नका. फीच्या सवलतींसाठी महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती बघा. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या काही प्रवर्गांच्या मुलींना २०२४-२५पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ झाली आहे, ती तुमच्या प्रवर्गाला आणि निवडलेल्या महाविद्यालयाला लागू होते का हे तिथल्या कार्यालयात प्रवेशाआधीच विचारा. उत्पन्नाचा दाखला जूनमध्ये तहसील कचेरीत रांग लावून काढू नका, आधीच काढून ठेवा.

आता तुमच्याबाबत माझं मत. मुलीने तिन्ही परीक्षा द्याव्यात. जे.जे., एनआयडी किंवा आयआयटी मिळालं तर पाठवा. तिथलं कर्ज काढायला मी घाबरणार नाही. नाही मिळालं तर कोल्हापूरची बी.एफ.ए., मात्र तिथल्या बी.एफ.ए. देणाऱ्या महाविद्यालयांची प्रदर्शनं बघून त्यातलं एक निवडा. पुण्याचं खासगी विद्यापीठ शिष्यवृत्तीने फी निम्म्यावर आली तरच. कोल्हापूर कराडपासून जवळ, खर्च आटोक्यात, ज्युरीत मराठीत बोलता येईल. वाचलेल्या पैशांतून दर सुट्टीत पुण्या-मुंबईला एखाद्या स्टुडिओत इंटर्नशिप करू द्या. बी.एफ.ए.नंतर सीड ही परीक्षा देऊन आयडीसीला किंवा डॅट देऊन एनआयडीला एम.डेस.ला (पुढच्या पदवीला) जाता येतं, सीडला प्रयत्नांची मर्यादा नाही. अठराव्या वर्षी हुकलेली जागा बाविसाव्या वर्षी मिळवलेली मुलं मी पाहिली आहेत, आणि ती तिथे जास्त समजून शिकतात.

एक वर्ष थांबून पुन्हा परीक्षा द्यावी का, असंही तुम्ही विचारलंय. गुण थोडक्यात हुकले असतील तर एकदा थांबायला हरकत नाही, पण त्या वर्षात नुसता क्लास नको. सकाळी छापखान्यात किंवा स्टुडिओत काम, संध्याकाळी अभ्यास. गुण फारच लांब असतील तर थांबू नका.

लॅपटॉपचं: आत्ता घेऊ नका. बी.एफ.ए.च्या पहिल्या वर्षी बहुतेक काम कागदावर असतं. त्या वर्षी पैसे रंग, कागद, माउंट बोर्डावर जातील, आणि शेवटच्या वर्षी प्रिंट्सवर जातील ते बघून धक्का बसेल, त्याची तरतूद ठेवा. दुसऱ्या वर्षी घ्याल तेव्हा १६ जीबी रॅम, एसएसडी आणि रंग खरे दाखवणारा पडदा एवढं बघा. गेमिंगच्या लाल दिव्यांचे पैसे देऊ नका. तोवर घरच्या कॉम्प्युटरवर इंकस्केप आणि क्रिता ही चित्रं काढायची सॉफ्टवेअर फुकट चालतात. फोटोशॉप, इलस्ट्रेटर बनवणाऱ्या अडोबीचा विद्यार्थ्यांसाठी सवलतीचा दर आहे, तो महाविद्यालयाचं ओळखपत्र हातात आल्यावर मिळेल.